माहेरपणातली हाडं

आत्याचा हात मोडला होता, पाय नाही. डावं मनगट. वैशाखात शेळ्यांना पाणी पाजून परत येताना ती दारातल्या ओलीवर घसरली आणि हातावर टेकली. पडल्यासारखी पडलेही न्हाई, असं ती स्वतःच सांगायची. युसूफ वडगावच्या पलीकडच्या तिच्या वस्तीवरून जावेने फोन केला, बाबा जीप घेऊन गेले आणि तिला तसंच अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. मी आणि आई परळीहून थेट तिथे पोचलो.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. आत्याचं वय विचारलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि पाळी कधी बंद झाली असं विचारलं. आत्या आईकडे बघत राहिली. बाबा खिडकीकडे वळले. आईनेच सांगितलं की मुलगा लहान असतानाच गर्भाची पिशवी काढली होती. पिशवीबरोबर आणखी काय काढलं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाडं वयाच्या फार पुढे गेली आहेत. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. प्लास्टर निघालं की चालायचं, कामं करायची, उन्हात बसायचं, असंही सांगितलं. मला ते नीट आठवतं, कारण अशा वेळी मी काही बोलत नाही आणि न बोलणाऱ्याला सगळं ऐकू येतं. बाबांनी मात्र पहिलंच वाक्य घरी आणलं, की हाडं गेली आहेत.

ती आमच्याकडे राहिली. तिच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा चाकणला कंपनीत, खोलीत चौघांबरोबर राहणारा. त्यामुळे ती भावाकडे येणं साहजिकच होतं. माहेरी आलेल्या बहिणीने पाण्याचा तांब्याही उचलायचा नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. धडधाकट बहिणीलाही ती लागू असते, मग हात मोडलेल्या बहिणीचं काय विचारता. बाबांनी पुढच्या खोलीत लोखंडी पलंग टाकला, त्यावर दोन गाद्या. आत्याला चहा पलंगावर, जेवण पलंगावर. रुग्णाला हलकं द्यायचं म्हणून साबुदाण्याची खीर, शिरा, चहाबरोबर टोस्ट. ती पायरी उतरायला लागली की आई हातातलं टाकून धावायची. थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची, राख आत येते म्हणून आमच्या खिडक्या बहुतेक बंदच असतात, तिच्या उशाची तर कायमच. बघायला येणाऱ्या बायका बिस्किटांचे पुडे आणायच्या आणि उठू नका, पडून राहा, असं सांगून जायच्या. तिला असं जपलेलं बघून त्या बाबांचं कौतुकही करायच्या. कोळसा उतरवणाऱ्या विभागात आयुष्य घालवलेल्या माझ्या वडिलांचं असं कौतुक फारसं कुणी केलेलं नव्हतं. ते मान खाली घालून ऐकायचे, पण ऐकायचे.

आषाढात प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, पण वळत होता. तरी आता पाऊस आहे, तिकडं चिखल असेल, असं म्हणत श्रावण गेला, मग गौरी-गणपती गेले. आणि एके सकाळी आत्या मोरीत पाटावर बसून अंघोळ करत होती, ती उठेचना. आई आत गेली, मला हाक मारली. आम्ही दोघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. ती हसत होती. माझ्या हाताला तिच्या दंडाचं कातडं लागलं, सैल, आत काहीच धरायला नसल्यासारखं.

त्या दिवसापासून ती खुर्चीवर अंघोळ करू लागली.

माझं काम घरून चालतं. पुण्यातली एक कंपनी शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाचे छोटे व्हिडिओ बनवते. इंग्रजी मजकूर येतो, मी तो मराठीत लिहिते. मी इंग्रजी शाळेत शिकले, तेव्हा हे काम मला कसं मिळालं याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. माझं मराठी पुस्तकी होतं, असा शेरा दर आठवड्याला यायचा. घरी बोलतात तसं लिही, असं तिथले लोक सांगायचे. घरी मी फार बोलत नाही, हे त्यांना कसं सांगणार? दिवसभर स्वयंपाकघराशेजारच्या टेबलापाशी बसायचं, संध्याकाळी मान आखडलेली असायची आणि डोळ्यांत राख गेल्यासारखं व्हायचं. राख खरोखरच गेलेली असू शकते. आमच्याकडे त्यात फरक करता येत नाही.

गणपतीनंतर जो मजकूर आला तो अंतराळवीरांच्या हाडांबद्दल होता. वर वजन नसतं. त्यामुळे उभं राहायला, चालायला, काही उचलायला हाडांना कष्ट पडत नाहीत. कष्ट नाहीत म्हटल्यावर शरीर हाड जुन्या सामानासारखं मोडीत काढायला लागतं. त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं आणि लघवीवाटे निघून जातं. टाचा, कंबर, मणका, म्हणजे खाली जमिनीवर ज्यांच्यावर सगळा भार असतो, तीच हाडं आधी विरळ होतात. म्हणून ते लोक रोज दोनेक तास व्यायाम करतात. पळण्याच्या पट्ट्यावर उभं राहून स्वतःला खांद्या-कमरेला पट्टे बांधून खाली ओढून घेतात, नाहीतर पाय टेकतच नाहीत. एका यंत्राचा दांडा खांद्यावर घेऊन उठाबशा काढतात. खाण्यात कॅल्शियम, प्रथिनं, भाज्या असतात, मीठ बेताचं, आणि ऊन मिळत नाही म्हणून ड जीवनसत्त्वाची गोळी.

मजकूर बोली वाटतो का हे बघायला मी तो आत्याला वाचून दाखवला. घरात दुपारी तीच एक ऐकणारी होती. वाचताना मी तिच्याकडे बघत नव्हते.

"पळत्यात, पण जात कुठंच न्हाईत?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, एकाच जागी.

"आमच्या सरपंचावाणी," ती म्हणाली, आणि स्वतःच खूप हसली. मग म्हणाली, "बसल्या जागी जेवण, काय उचलायचं न्हाई, वाकायचं न्हाई, भाईर जायचं न्हाई. म्हंजी माहेरपणच हाय की ते."

मला ते व्हिडिओत घालावंसं वाटलं. घातलं नाही. पण त्या दिवसापासून पुढच्या खोलीत गेले की मला पलंगावर बसलेल्या आत्याचे पाय आधी दिसायचे. ते जमिनीला लागत नव्हते. दोन गाद्यांमुळे पलंग उंच झाला होता.

त्याच आठवड्यात तिच्या जावेचा फोन आला. आत्याच्या चार शेळ्या आणि एक पाट, म्हणजे अजून न व्यायलेली तरणी शेळी, तिच्याकडे ठेवलेली होती. जाऊ आणि दीर दर वर्षी ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की त्यांची टोळी निघते, मग वस्तीवर म्हाताऱ्यांशिवाय कुणी राहत नाही. तोवर आत्या आली तर ठीक, नाहीतर शेळ्या विकाव्या लागतील, असं जाऊ म्हणाली. वाईट वाटून म्हणाली, पण म्हणाली. बाबांनी ते ऐकलं आणि विकून टाका म्हणून सांगितलं. बाईला इथं काय कमी आहे, असं त्यांचं म्हणणं. रात्री जेवताना आत्याने हळूच विचारलं की ती गेली तर चालेल का. बाबा शांतपणे म्हणाले, जिला मोरीतून उठता येत नाही ती शेळीखाली बसणार कशी? धार काढायला बसलीस आणि पडलीस, तर तिथं उचलायला कोण आहे?

शेळीची धार उकिडवं बसल्याशिवाय काढता येत नाही. चुलीपुढे बसावं लागतं, मोरीत बसावं लागतं, शेताचं तर जाऊ दे. तिचं ते दोन खोल्यांचं पत्र्याचं घर सगळं जमिनीवरच होतं. नवरा गेल्यावर तिने ते एकटीने चालवलं होतं. ऊस तोडायचं सोडून शेळ्या घेतल्या होत्या, आणि पुन्हा कुणाच्या टोळीत जायची वेळ येऊ दिली नव्हती. शेळ्या गेल्या की ते घर बंद होणार होतं आणि ती आमच्या पुढच्या खोलीत उरणार होती. हे सगळ्यांना कळत होतं. बाबांना ते चालणार होतं, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या पाळीला आणि आई सोमवार म्हणून वैजनाथाला गेल्यावर मी आत्याला विचारलं की करून बघायचं का. ती लगेच पलंगावरून उतरली. मला वाटतं, ती कुणीतरी विचारण्याचीच वाट बघत होती.

मी मजकुरात लिहिलं होतं तसंच सांगितलं. पाय थोडे लांब ठेवायचे, पाठ सरळ, हळूहळू खाली जायचं, मग वर. तिने पलंगाच्या दांड्याला धरलं आणि खाली गेली. खाली जाणं जमलं. वर येणं जमलं नाही. गुडघे थरथरले आणि ती अलगद फरशीवर बसली. मी काखेत हात घातले, पण मी एकटी होते, आणि ती सोडून दिलेल्या पोत्यासारखी झाली होती. समोरच्या काकूंना हाक मारली असती तर त्या एका मिनिटात आल्या असत्या. आत्याने तसं सुचवलंही. मला ते जमेना. दारात उभं राहून मोठ्याने हाक मारायची, काय झालं ते सांगायचं, मग त्यांनी घरात येऊन सगळं बघायचं. मी आत्याला म्हटलं, आई येईलच. आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले.

आई देवळातून भाजी घेऊन येते, त्यामुळे बराच वेळ लागला. खाली बसल्यावर आमची खोली वेगळीच दिसते. पलंगाखाली राखेचा थर होता, आणि त्यात गोळ्यांच्या दोन न उघडलेल्या पट्ट्या. मी त्या ओढून काढल्या. गरम पडतात म्हणून घेत नाही, असं आत्या म्हणाली. मग तिने आपण होऊन पिशवीची गोष्ट सांगितली. उसाच्या फडावर असताना पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. कामाला खाडा पडला की मुकादम बोलायचा, नवराही बोलायचा. टोळीतल्या बऱ्याच जणींनी काढून घेतली होती. एका गावातल्या दवाखान्यात तिनेही काढून घेतली. ती पंचविशीत होती, म्हणजे माझ्याहूनही लहान. त्यानंतर अंगातून ऊन निघायचं, झोप लागायची नाही, कंबर दुखायची. सगळ्यांचीच दुखते, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

"हाडाचं काय हुईल ते कुणी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर काय केलं असतं म्हणा." त्यात तक्रार नव्हती. ती पायाच्या अंगठ्याने राखेत रेघा काढत होती.

आई आली. आम्हाला दोघींना फरशीवर बघून तिने पिशवी खाली ठेवली, एका बाजूने तिने धरलं, एका बाजूने मी. आत्या पलंगावर बसल्यावर आई पदराने तोंड पुसत राहिली. माझी आई आत्याहून मोठी आहे, वहिनी आहे, आणि गेले कित्येक महिने नणंदेला बसल्या जागी सगळं देत होती. ती चिडेल असं मला वाटलं. तिने विचारलं, हे करायचंच असेल तर नीट कसं करायचं ते कुणाला ठाऊक आहे का.

मला दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा नंबर काढायला आणि लावायला दोन दिवस लागले. फोन लावण्याआधी मी वाक्यं लिहून घेते, तशी सवय आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आधी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या म्हणाल्या, तेही आम्ही केलं. जमिनीपासून सुरुवात करू नका, असं त्यांनी सांगितलं. खुर्चीइतक्या उंचीवरून उठायचं, जमलं की थोडं खाली, जमलं की आणखी खाली. झटका द्यायचा नाही, पाठीतून वाकायचं नाही, दुखलं तर थांबायचं. आणि खाणं बदला.

खुर्ची आणि पाट यांच्या मधलं काही आमच्या घरात नव्हतं. आईनेच परसातल्या विटा काढल्या. कुंपणाची भिंत बांधताना उरलेल्या, थर्मलच्या राखेपासून केलेल्या, करड्या आणि गुळगुळीत. परळीत अर्धी घरं त्यांचीच आहेत. तिने मागच्या खोलीत भिंतीला लागून विटांचा चौकोनी ढीग रचला, वर सतरंजीची घडी टाकली. आत्या त्यावर बसायची, पुढे झुकायची, आणि उठायची. आठ-दहा वेळा झालं की दम. काही दिवसांनी सगळीकडून एक थर कमी. थर कमी झाला की पहिला दिवस रडवणारा असायचा, मग पायांना तो थर कळायचा.

साबुदाणा बंद झाला. आई पुन्हा तिला ज्वारीची भाकरी द्यायला लागली, त्यावर तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, डाळ, ताक. सोमवार सोडून अंडंही, परसातल्या शेगडीवर वेगळ्या भांड्यात उकडलेलं. चहा कमी केला यावर आत्या खरोखर रुसली. गोळी मी रोज हातात द्यायचे आणि ती गिळेपर्यंत उभी राहायचे. सकाळी आम्ही गच्चीवर जायचो. चिमणीतून धूर निघत असायचा, कठड्यावर बोट फिरवलं की करडं व्हायचं, तरी ऊन होतं. बाईंनी हातपाय उघडे ठेवा म्हणून सांगितलं होतं. आत्या लुगडं गुडघ्यापर्यंत घ्यायची आणि आम्ही दोघी वेगवेगळ्या दिशांना बघत बसायचो. तिच्या पोटऱ्यांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या जुन्या खुणा होत्या.

व्यायामाला वजन हवं म्हणून मी तिच्या हाती पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या. त्या तिला हास्यास्पद वाटायच्या. एक दिवस तिने बाटल्या ठेवल्या आणि अर्धी बादली उचलून तुळशीला घालायला अंगणात गेली. समोरच्या काकू फाटकापाशी उभ्या होत्या. त्या आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "काय हो, नणंदेला माहेरपणाला आणलंय का पाणी भरायला?"

आणि नेमके बाबा पाळीवरून येत होते.

ते त्यांच्यासमोर काही बोलले नाहीत. आत आले, बूट काढले, मागच्या खोलीत गेले आणि विटांचा ढीग पाहिला. मग बोलले. आईला, मला, सगळ्यांना. लोकांनी काय म्हणायचं, असं त्यांचं सुरू झालं आणि तिथेच फिरत राहिलं. हाडं ठिसूळ आहेत हे माहीत असून तिच्या हातात बादली दिलीच कशी. माझ्या इंग्रजी शिक्षणावरही एक वाक्य होतं. मी मान खाली घालून उभी राहिले. आई चुलत्यांच्या भांडणात उभी राहते तशी उभी राहिली, म्हणजे भांडी आवरत.

आत्या पलंगावर नव्हती, दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "तू लई जपलंस मला. पण तुझ्या जपण्यानंच माझे पाय गेले. कावून उठू देत न्हाईस?"

बाबांचा चेहरा मी नीट पाहिला नाही, पाहवेना. थोड्या वेळाने त्यांनी भाऊबीज झाली की बघू, एवढंच म्हटलं आणि अंघोळीला गेले. मोरीत खूप वेळ पाणी वाहत होतं.

त्यानंतरचे दिवस कंटाळवाणे होते. आई दिवाळीचं करत होती, मी तोच तो मजकूर दुरुस्त करत होते. तो तिसऱ्यांदा परत आला होता. शेवटी मी लिहिलं होतं की परत आल्यावरही अंतराळवीरांची हाडं भरायला फार वेळ लागतो, काहींची तर पूर्ण भरतच नाहीत. मुलांसाठी आहे, शेवट आनंदी ठेवा, असा शेरा होता. मी ते वाक्य काढलं. मागच्या खोलीत विटांचा एकच थर उरला होता आणि आत्या गेले चार दिवस तिथेच अडकली होती. एकदा उठायची, दोनदा नाही. एकदा ती मला म्हणाली, "राहू दे बाई, झालं तेवढं लई झालं." मी तिला समजावलं नाही. मीही थकले होते. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसून राहिलो, मग तिने आपण होऊन गुडघ्यावर हात ठेवला.

जावेचा पुन्हा फोन आला. टोळीची गाडी भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी निघणार होती. शेळ्यांना गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

भाऊबीजेला बाबा पाटावर बसले, डोक्यावर टोपी, पुढे रांगोळी. दर वर्षी आत्या त्यांना ओवाळायला वस्तीवरून यायची. या वर्षी ती पुढच्या खोलीतूनच आली. आईने तिच्यासाठी खुर्ची आणली होती. आत्याने ती पायाने बाजूला सारली आणि बाबांच्या समोर जमिनीवर बसली. विटा नाहीत, पाट नाही. गंध लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, ओवाळलं. बाबांनी ताटात ओवाळणी टाकली. मग तिने ताट बाजूला ठेवलं.

आता उठायचं होतं. तिने एक पाय पुढे घेतला, उजवा हात गुडघ्यावर दाबला आणि वर आली, अर्धी. तिथे तिचं अंग थरथरायला लागलं आणि ती पुन्हा खाली बसली. मी हात पुढे केला होता. आईने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट. बाबा पाटावरून उठायला लागले होते, तेही आईकडे बघून थांबले.

आत्याने श्वास घेतला, दोन्ही हात दोन्ही गुडघ्यांवर ठेवले, आणि उठली. हळू, वेडीवाकडी, तोंडाने आवाज करत. पण उठली, आणि उभी राहिली. बाबा खाली बसलेले आणि ती त्यांच्यापुढे उभी, असं थोडा वेळ राहिलं.

"सकाळच्या गाडीनं जाऊ," बाबा म्हणाले.

मीही बरोबर गेले. अंबाजोगाईला गाडी बदलली, पुढे युसूफ वडगाव, तिथून जीप. वस्तीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा आत्याची पिशवी बाबांच्या हातात होती. आईने त्यात तीळ, डाळी, गोळ्यांच्या पट्ट्या, नवं लुगडं आणि दिवाळीचा फराळ भरला होता. पाच पावलं चालून आत्या थांबली आणि पिशवीला हात घातला. बाबांनी सोडली नाही. दोघांनी पिशवी धरली होती आणि दोघंही दुसरीकडेच बघत होते, जाऊ घराच्या दारात येऊन उभी राहिली होती तिकडे. मग बाबांनी बंद सोडला. आत्याने पिशवी कमरेवर घेतली आणि पुढे चालायला लागली. बाबा मोकळ्या हाताने मागून चालले. त्या हाताचं काय करावं ते त्यांना कळत नसावं, त्यांनी तो खिशात घातला, काढला, पुन्हा घातला.

संध्याकाळी ती शेळीखाली बसली. आम्ही निघायच्या बेतात होतो. तिला उठायला वेळ लागला, तिने शेळीच्या पाठीवर हात टेकला आणि शेळी दोन पावलं सरकली. बाबा पत्र्याच्या वळचणीकडे तोंड करून उभे राहिले आणि पत्रा बदलायला झालाय असं काहीतरी म्हणत राहिले. ती उठून आमच्याकडे आली तेव्हाच ते वळले.

आता आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो. गोळी घेते म्हणते, खरं-खोटं कळायला मार्ग नाही. कंबर दुखतेच. पुन्हा पडली तर काय, हे आम्ही कुणी बोलत नाही. पुढच्या खोलीतला पलंग बाबांनी अजून काढलेला नाही.

तिकडून परत आलो त्या दिवशी मी मागच्या खोलीतल्या विटा उचलायला गेले. एकच थर होता, त्यावर आई बसली होती, पुढ्यात मेथीची जुडी. तिला उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं. ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण ती मेथी निवडण्याचं सोंग करत होती. मी हात दिला. उठल्यावर तिने गुडघे चोळले.

"या राहू दे," ती म्हणाली. "आणि परसातल्या बाकीच्या आण. मला वरून सुरू करावं लागंल."

मी परसात गेले. विटा दिसतात त्यापेक्षा जड असतात. एका वेळी दोन, अशा मी त्या आत आणल्या.